दुरुस्तीचा अंदाज

पंचमंडळींनी बोलावलं म्हणून आलो.
दारात पायताणं काढली, तर आवळे पाळक म्हणाले,
असू द्या पायात, आत विंचू निघतात.

आधी भिंत वाजवून बघितली,
डॉक्टर पाठ वाजवतो तशी.
तीन फुटांपर्यंत खणखणीत.
तिथून वर तिचा आवाज बदलतो,
घोगरा होतो, जरा कानडी.

खालचे तीन फूट घडीव. सांध्यात सुरी शिरत नाही.
ते काम माझ्या पणज्याचं, तिम्मा वडाराचं.
दगडाच्या कडेला कावळ्याचं पाऊल कोरायचा,
मजुरी मोजायला.
चौदा दगडांना पायलीभर जोंधळा, असं घरात सांगतात,
आणि पायली कुणाची, यावरून अजून भांडतात.

त्याआधी इथं गोठा होता.
श्रेडरसाहेबानं गोठ्यातच शाळा मांडली.
जत भागात त्याला सगळे शिरोडकर म्हणायचे,
तोही ओ द्यायचा म्हणे.
सहा पोरं, एक फळा, दोन म्हशी.
म्हशी कुठं बांधायच्या यावर मंडळीची पहिली सभा झाली;
वहीत चर्चा आहे, ठराव नाही.

मग चौदा साली तिकडं लढाई पेटली
आणि साहेब जर्मन निघाला.
फौजदार आला, टांगा आला.
ट्रंक, बाजाची पेटी, मडमेच्या तीन कुंड्या.
घंटा बोटीवरच राहिली.
पैसा थांबला, भिंत तीन फुटांवर थांबली,
पणजा पोरंबाळं घेऊन मिरजेकडं पुलाच्या कामावर गेला.

इथून पुढचं वहीत नाही.
वही नऊ वर्षं कोरी आहे.

सालोमी आज्जी सांगते, तिच्या सासूचं ऐकलेलं:
रिकाम्या डोक्यानं भक्तीला यायचं नाही.
रविवारी दर बाईमागं एक दगड.
बांध होता त्यांनी बांधावरचा आणला.
बांधच नव्हता त्यांनी बोर नदीतला, गुळगुळीत.
ते गोटे मातीला धरत नाहीत,
आजही बोटाला हलतात, दुधाच्या दातासारखे.
पूर्वेला सातव्या थरात जात्याची तळी आहे, भोकासकट.
कुणाच्या घरचं पीठ त्या वर्षी बंद झालं
विचारलं, तर आज्जी म्हणाली,
तू कौलांचं बघ.

कौलं मंगळुरी, दोनशे दहा फुटकी.
वासे तेरा बदलावे लागतील.
बोर्डिंगचं छप्पर ठीक आहे, भाडेकरूनं पत्रे घातलेत;
आत बेदाणा सुकतो, गंधकाचा वास डोळ्यांत जातो.
बहात्तरला तिथं सुकडी वाटायचे.
भिंतीवर कोळशानं लिहिलेला एकोणतीसचा पाढा आहे,
सातव्या ओळीला चुकलेला.
तो पुसू नये, असं मी माझ्यातर्फे लिहितो.

घंटेच्या जागी रुळाचा तुकडा लिंबाला टांगलाय.
तार बदलावी. तुकडा चांगलाय.

मंडळींचं म्हणणं, सिमेंटचा गिलावा करा,
वर फरशी लावा पांढरी,
देणगीदारांची नावं दिसतील अशी.
होईल. साडेचार लाखांत होईल.
पण मग भिंत बोलायची नाही.
माझा अंदाज चुना, वाळू, गूळ, बेलफळाचा,
आणि चार महिने सबुरीचा.
भिंत तीन बोटं बाहेर झुकलीय.
बायांनी ओळंबा कुठून आणायचा?
खालून टेकू देईन, सरळ करणार नाही.

आणखी एक. शिडी लावली तेव्हा दिसलं.
खिडकीच्या कमानीत, वरच्या अंगाला,
जिथं गोटेच गोटे आहेत तिथं, मधोमध
एकच दगड घडीव आहे.
हात फिरवला. कडेला कावळ्याचं पाऊल.

कधी आला होता म्हातारा,
परत जाताना काही घेऊन गेला का,
वहीत नाही, आमच्या घरातही नाही.
त्या दगडाची मजुरी
या अंदाजात धरलेली नाही.